एलकेबी-१ गप्प झाल्यावर: फुफ्फुसाच्या कर्करोगातील एका जनुकाचा आढावा

फुफ्फुसाच्या कर्करोगाने जगभरात दर वर्षी सुमारे १८ लाख माणसे दगावतात. इतर कुठल्याही कर्करोगाने इतके मृत्यू होत नाहीत. या रोगाच्या पेशींत कोणती जनुके बिघडलेली असतात, याची यादी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्यापैकी पूर्ण झाली आहे. हा बिघाड दोन तऱ्हेचा असतो. काही जनुके अती चालू होतात आणि पेशीला सतत वाढायला लावतात. ईजीएफआर आणि के-रास ही त्यातली ठळक नावे. त्यांच्या प्रथिनांना अडवणारी औषधे आज रुग्णांना मिळतात. दुसऱ्या तऱ्हेत वाढीला आवर घालणारी जनुके, म्हणजे ट्यूमर सप्रेसर जनुके, बंद पडतात. जे प्रथिन पेशीत उरलेलेच नाही, त्याला अडवणारे औषध करता येत नाही. त्यामुळे या दुसऱ्या बाजूचा अभ्यास लांबला, आणि आजही तिथे मतभेद अधिक आहेत.

या लेखासाठी त्यातले एकच जनुक निवडले आहे: एलकेबी-१. रुग्णाच्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ते एसटीके-११ या नावाने छापलेले असते. निवडीचे कारण असे की, हे जनुक गप्प झाल्यावर फुफ्फुसाच्या पेशीचे काय होते या प्रश्नाचे उत्तर पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले, आणि आता तो प्रश्न थेट उपचाराच्या निर्णयापर्यंत येऊन पोचला आहे.

कल्पना कशी घडली

कर्करोगाची पेशी निरोगी पेशीशी जोडली तर संकरित पेशीतला रोगटपणा दबतो, हे हेन्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले. म्हणजे निरोगी पेशीत काहीतरी होते, जे रोगट पेशीने गमावले होते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमाची आकडेवारी तपासून मांडणी केली की अशा जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. हे जनुक, आरबी-१, प्रत्यक्ष हाती लागायला १९८६ उजाडले. पी-५३ चा प्रवास तर उलटाच झाला. १९७९ मध्ये सापडलेले हे प्रथिन दहा वर्षे कर्करोग वाढवणारे मानले जात होते. ते खरे तर कर्करोग रोखणारे आहे हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगात ते वारंवार बिघडलेले असते हेही दिसले.

फुफ्फुसाकडे मात्र संशोधकांचे लक्ष आधीच वेधले गेले होते. स्मॉल सेल प्रकारच्या गाठींत तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा तुकडा गळालेला असतो, हे १९८२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. त्या तुकड्यात कोणते जनुक आहे याचा शोध पुढची दोन दशके चालला. २००० मध्ये तिथे आरएएसएसएफ-१ए सापडले. त्याच्याकडे पाहताना एक गोष्ट पक्की झाली: जनुकाची अक्षरे शाबूत असूनही ते गप्प होऊ शकते. डीएनएवर, जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या भागात, मेथिल गट चिकटतात आणि वाचन थांबते. पी-१६ या जनुकाबाबत असेच घडते हे १९९५ मध्ये कळले होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्या काही व्यक्तींच्या थुंकीत पी-१६ किंवा एमजीएमटी या जनुकांवरचे मेथिलेशन रोगनिदानाच्या तीन वर्षे आधीपर्यंत आढळले. थुंकीच्या तपासणीतून रोग लवकर पकडता येईल ही आशा तेव्हापासूनची आहे. पण असे बदल रोग न झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांतही सापडतात, म्हणून ती चाचणी नेहमीच्या वापरात आलेली नाही.

तेव्हा ‘जनुक गप्प झाले’ या एका वाक्यामागे किमान तीन वेगळ्या घटना असू शकतात. अक्षरे बिघडतात, तुकडाच गळतो, किंवा अक्षरे शाबूत राहून वाचन थांबते. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलस प्रकल्पाने २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या स्क्वॅमस प्रकारच्या गाठींचा हिशेब मांडला. त्यात पी-१६ चे जनुक ७२ टक्के गाठींत निकामी होते. २९ टक्क्यांत ते पूर्ण गळालेले, २१ टक्क्यांत मेथिलेशनने बंद, १८ टक्क्यांत उत्परिवर्तन झालेले, आणि थोड्या गाठींत आणखी वेगळ्या कारणाने बिघडलेले. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मेथिल गट काढणाऱ्या औषधाने तिसऱ्या घटनेतले जनुक पुन्हा बोलते करता येण्याची शक्यता असते, पहिल्या दोन घटनांत ती नाही. अझासिटिडिन आणि एन्टिनोस्टॅट ही जोडी ४५ रुग्णांवर वापरून पाहिल्याचा अहवाल २०११ मध्ये आला. एका रुग्णाची गाठ पूर्ण विरघळली, एकाची लक्षणीय आटली. बाकीच्यांत असा परिणाम दिसला नाही.

ओठांवरच्या डागांपासून फुफ्फुसापर्यंत

प्युट्झ-येगर्स नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात ओठांवर गडद ठिपके असतात, आतड्यात पॉलिप वाढतात, आणि वयाबरोबर अनेक अवयवांच्या कर्करोगांचा धोका चढत जातो. १९९८ मध्ये या आजारामागचे जनुक म्हणून एलकेबी-१ ओळखले गेले. चार वर्षांनी, २००२ मध्ये, असा कुठलाही आनुवंशिक आजार नसलेल्या माणसांच्या फुफ्फुसातील ॲडिनोकार्सिनोमातही ते निकामी असल्याचे आढळले. जीनोम ॲटलसच्या २०१४ च्या मोजणीत फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमापैकी १७ टक्के गाठींत त्यात उत्परिवर्तन होते. बहुतेक वेळा हे जनुक उत्परिवर्तनाने किंवा तुकडा गळाल्याने जाते, मेथिलेशनने क्वचितच. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण जास्त दिसते, आणि के-रासच्या उत्परिवर्तनाबरोबर ते अनेकदा एकत्र सापडते. वंश आणि प्रदेशानुसारही फरक पडतो. २००८ च्या एका अभ्यासात अमेरिकी रुग्णांमध्ये १७ टक्के, तर कोरियन रुग्णांमध्ये फक्त ५ टक्के गाठींत हे उत्परिवर्तन होते.

काचेच्या बशीतले पुरावे, आणि त्यांवर किती विसंबावे

जनुक मुद्दाम गप्प करून पाहण्याची सोपी पद्धत आरएनए इंटरफिअरन्समुळे मिळाली. ही यंत्रणा १९९८ मध्ये एका सूत्रकृमीत सापडली, आणि २००१ मध्ये ती आखूड आरएनए वापरून सस्तन प्राण्यांच्या पेशींतही चालते हे दिसले. नंतर क्रिस्पर आले आणि जनुक कायमचे कापून टाकणे सोपे झाले. यानंतर ठरावीक साच्यातले शोधनिबंध भराभर निघू लागले: अमुक सप्रेसर जनुक फुफ्फुसाच्या पेशींत गप्प केले, पेशी जास्त वाढल्या, जास्त सरकल्या, पडदा भेदून पलीकडे गेल्या.

या निबंधांना कमी लेखण्याचे कारण नाही. पुढच्या प्रयोगांची दिशा त्यांनीच दाखवली. पण वाचताना तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली, पेशी कोणत्या वापरल्या. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरली जाणारी फुफ्फुसाची सेल लाइन म्हणजे ए-५४९. तिच्यात एलकेबी-१ मुळातच निकामी आहे, पी-१६ चे जनुक गळालेले आहे, के-रास आणि केईएपी-१ हे आणखी एक जनुक बिघडलेले आहेत. पी-५३ मात्र शाबूत आहे. एच-४६० मध्येही एलकेबी-१ नाही. उलट एच-१२९९ मध्ये ते आहे, पण पी-५३ नाही. ए-५४९ मध्ये एलकेबी-१ गप्प करण्याचा प्रयोग निरर्थक ठरतो. तिथे ते परत घालूनच काही शिकता येते. आणि पी-५३ नसलेल्या पेशीत मिळालेले उत्तर पी-५३ असलेल्या पेशीला लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. आखूड आरएनए ज्या जनुकासाठी बनवलेले असतात त्याखेरीज इतरांनाही थोडेफार दाबतात, हे २००३ मध्येच दाखवले गेले. म्हणून किमान दोन वेगवेगळे आरएनए वापरणे, आणि जनुक परत दिल्यावर परिणाम मागे फिरतो का हे पाहणे, ही आज किमान अपेक्षा आहे. ज्या निबंधात हा परतीचा प्रयोग नाही, त्याचा निष्कर्ष मी तात्पुरता मानते.

तिसरी मर्यादा बशीची स्वतःची. तिथे साखर आणि प्राणवायू मुबलक असतो, रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात. एलकेबी-१ चे काम तर पेशीची ऊर्जा कमी पडते तेव्हाच उठून दिसते. त्यामुळे या जनुकाबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती जिवंत प्राण्यांतूनच आली.

उंदरांनी दिलेले उत्तर

२००७ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुफ्फुसात के-रासचे उत्परिवर्तन असलेल्या उंदरांतून एलकेबी-१ काढून टाकले गेले. गाठी लवकर आल्या, जास्त पसरल्या, आणि त्यांचे रूपही बदलले. फक्त ॲडिनोकार्सिनोमा न होता स्क्वॅमस आणि लार्ज सेल प्रकारच्या गाठीही झाल्या. पाठ्यपुस्तकांत ट्यूमर सप्रेसरला गाडीच्या ब्रेकची उपमा देतात. इथे ती अपुरी पडते, कारण ब्रेक गेला तर गाडी वेगाने जाते, पण तिची जात बदलत नाही. एलकेबी-१ गेल्यावर पेशी आपण कोण आहोत हेच विसरू लागते. स्टॅनफर्डच्या गटाने नंतर जनुक हवे तेव्हा परत चालू करता येईल असे उंदीर तयार केले. जनुक परतल्यावर गाठीची वाढ थांबली, आणि पेशींत वायुकोशाच्या मूळ पेशींची लक्षणे पुन्हा दिसू लागली. २०२१ मध्ये दाखवले गेले की हे जनुक नसताना डीएनएची गुंडाळी कुठे उघडी राहते याचा नकाशाच बदलतो, आणि तो बदल रोग शरीरात इतरत्र पसरण्याशी जोडलेला आहे.

पी-५३ शी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी के-रासच्या उंदरांत गाठी झाल्यावर पी-५३ परत चालू केले. पुढच्या टप्प्यावर गेलेल्या, आक्रमक गाठींवर परिणाम झाला. सुरुवातीच्या सौम्य गाठी तशाच राहिल्या. सौम्य गाठींतला वाढीचा इशारा पी-५३ ला जागे करण्याइतका मोठा नसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. म्हणजे सप्रेसर जनुक परत मिळाले की रोग मागे फिरतो असा सरसकट नियम नाही.

या क्षेत्रातला मला सर्वांत बोलका वाटणारा निष्कर्ष डीएनएवर बारकोड लावून प्रत्येक गाठीतील पेशी मोजण्याच्या पद्धतीतून आला. स्टॅनफर्डमध्येच विकसित झालेल्या या पद्धतीत एका उंदराच्या फुफ्फुसात अनेक जनुके वेगवेगळ्या गाठींत बंद करता येतात आणि कोणती गाठ किती वाढली हे नेमके कळते. के-रासच्या गाठींत एलकेबी-१ किंवा एसईटीडी-२ हे दुसरे सप्रेसर जनुक बंद केल्यावर वाढ सर्वाधिक झाली. मग २०२१ मध्ये हाच प्रयोग ईजीएफआरच्या गाठींत केला गेला. तिथे हीच दोन जनुके बंद केल्यावर गाठींची वाढ कमी झाली. तोच अवयव, तेच जनुक, त्याला बंद करण्याची तीच रीत. फक्त सोबतचे वाढवणारे जनुक वेगळे, आणि उत्तर उलटे. ‘एलकेबी-१ गप्प झाल्याने फुफ्फुसाचा कर्करोग वाढतो’ हे वाक्य यापुढे ‘कोणत्या गाठीत’ हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

यंत्रणा: एएमपीके की एसआयके?

एलकेबी-१ हे एक कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना चालू-बंद करणारे प्रथिन, आहे. ते इतर डझनभराहून अधिक कायनेजना चालू करते. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध एएमपीके, पेशीतील ऊर्जा घटली की जागे होणारे. २००३-०४ मध्ये हा दुवा उलगडला आणि पहिली मांडणी तयार झाली: एलकेबी-१ गेले, एएमपीके थंडावले, म्हणून पेशी ऊर्जेची तमा न बाळगता वाढत राहते. या मांडणीतून एक चतुर कल्पना निघाली. ऊर्जेच्या टंचाईत आवरून घेता न येणारी पेशी मुद्दाम टंचाईत ढकलायची. २०१३ मध्ये फेनफॉर्मिन या, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या जुन्या भावंडाने के-रास आणि एलकेबी-१ दोन्ही बिघडलेल्या उंदरांच्या गाठी इतर गाठींपेक्षा जास्त आटल्या. फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत १९७०च्या दशकातच मधुमेहाच्या उपचारातून काढून टाकले गेले होते. २०२१ मध्ये मेटफॉर्मिन आणि रेडिओ-केमोथेरपी एकत्र देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. मेटफॉर्मिनने लाभ झाला नाही. त्यांत रुग्ण एलकेबी-१ वरून निवडलेले नव्हते, त्यामुळे मूळ कल्पनेची खरी परीक्षा त्यांनी झाली असे म्हणता येत नाही.

दुसरी मांडणी २०१९ मध्ये पुढे आली. दोन गटांनी वेगवेगळ्या मार्गांनी दाखवले की फुफ्फुसात एलकेबी-१ ची रोधक शक्ती मुख्यतः एसआयके या कायनेजच्या कुटुंबातून वाहते. त्यातली जनुके बंद केल्यावर उंदरांत एलकेबी-१ काढल्यासारखाच परिणाम दिसला. त्याच वर्षी हेही प्रसिद्ध झाले की के-रासच्या गाठींना वाढायला एएमपीकेची उलट मदतच होते. दोन्ही मांडण्या एकमेकींना पूर्णपणे खोडत नाहीत. एएमपीके नसल्याने पेशी ऊर्जेच्या टंचाईला नाजूक होते, आणि एसआयके नसल्याने ती बेफाम होते, असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. तरी गाठ रोखण्याच्या कामापुरते आज पुराव्याचे पारडे एसआयकेकडे झुकलेले आहे, असे माझे मत आहे.

रोगप्रतिकार आणि उपचाराचा वाद

२०१६ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून कळले की एलकेबी-१ नसलेल्या गाठींत न्यूट्रोफिल पेशी जमतात, आयएल-६ सारखी दाहकारक प्रथिने वाढतात आणि टी पेशी थकतात. २०१९ मध्ये आणखी एक धागा जुळला. पेशीत विषाणूचा किंवा भरकटलेला डीएनए आहे हे ओळखून धोक्याचा इशारा देणारे स्टिंग हे जनुक अशा गाठींत मेथिलेशनने बंद केलेले असते. म्हणजे एक सप्रेसर अक्षरे बिघडून गप्प होतो, आणि त्याच्या जाण्याने दुसरे जनुक मेथिल गटांनी गप्प केले जाते. पहिले परत आणणे शक्य नसले तरी दुसऱ्यावरचे कुलूप औषधाने उघडता यावे, हा विचार इथून पुढे आला.

रुग्णांच्या पातळीवर खळबळ उडाली ती २०१८ मध्ये. के-रासचे उत्परिवर्तन असलेल्या १७४ रुग्णांना पीडी-१ रोखणारी इम्युनोथेरपी दिली होती. त्यांतल्या एसटीके-११सुद्धा बिघडलेले असलेल्यांपैकी फक्त ७.४ टक्क्यांत गाठ आटली. पी-५३ बिघडलेल्यांत हे प्रमाण ३५.७ टक्के, आणि दोन्ही शाबूत असलेल्यांत २८.६ टक्के होते. यावरून एका पक्षाचे म्हणणे असे झाले की एसटीके-११ चे उत्परिवर्तन म्हणजे या उपचाराला प्रतिकार, आणि अशा रुग्णांसाठी वेगळा मार्ग शोधायला हवा.

दुसरा पक्ष म्हणतो, या रुग्णांचा रोग मुळातच आक्रमक असतो. केमोथेरपीवरही त्यांचे आयुष्य कमीच भरते. उपचार कोणताही असला तरी निकाल वाईट लागतो, हा रोगाच्या वाटचालीचा अंदाज झाला; अमुक उपचार निवडावा की नाही हे त्यावरून ठरत नाही. २०२० मधील मोठ्या नोंदींच्या विश्लेषणाने या मताला बळ दिले. केईनोट-०४२ या चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणातही एसटीके-११ बिघडलेल्यांना केमोथेरपीच्या तुलनेत पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाचा फायदा दिसला, अर्थात रुग्णसंख्या लहान होती. या वादात बारकावा असा की केईएपी-१ हे जनुक एसटीके-११ सोबत बरेचदा बिघडते, आणि जुन्या अभ्यासांत दोघांचा परिणाम वेगळा काढलेला नव्हता.

२०२४ मध्ये नेचरमध्ये तिसरी शक्यता आली. पोसायडन चाचणीत केमोथेरपीसोबत ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध आणि सीटीएलए-४ रोखणारे ट्रेमेलिमुमॅब अशी दोन्ही औषधे दिलेल्यांत, एसटीके-११ किंवा केईएपी-१ बिघडलेल्या रुग्णांना केमोथेरपीसोबत फक्त ड्युर्व्हालुमॅब मिळालेल्यांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले. उंदरांतील प्रयोगांनी त्याला सीडी-४ टी पेशींचे स्पष्टीकरण दिले. परंतु मूळ चाचणी या प्रश्नासाठी आखलेली नव्हती. खास याच गटातील रुग्ण घेऊन ट्रायटन नावाची चाचणी त्यासाठीच सुरू केली गेली. दोन औषधांचे दुष्परिणाम आणि खर्च हे दोन्ही एका औषधापेक्षा जास्त, त्यामुळे तिच्या उत्तराला वजन आहे.

आपल्याकडचा संदर्भ

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९०७ रुग्णांच्या अभ्यासात २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचे उत्परिवर्तन होते. युरोप-अमेरिकेपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. आपल्याकडे कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांची संख्याही मोठी आहे. या दोन गोष्टींमुळे एलकेबी-१ वरचे बहुतेक ज्ञान, जे धूम्रपान करणाऱ्या पाश्चात्त्य रुग्णांच्या के-रास गाठींतून आले, ते इथे जसेच्या तसे लावता येणार नाही. ईजीएफआरच्या उंदरांत मिळालेले उलटे उत्तर भारतीय रुग्णांत खरे ठरते का, हे तपासायला लागणारे रुग्ण आपल्याच रुग्णालयांत आहेत. माझ्या मते या क्षेत्राला भारतातून मिळू शकणारे सर्वांत मोलाचे योगदान हेच असेल.

काय सुटलेले नाही

एलकेबी-१ च्या जाण्याने पेशीची ओळख बदलते, पण ती कोणत्या टप्प्यावर कायमची बदलते? उंदरात जनुक परत आणता येते, माणसाच्या गाठीत ते प्रत्येक पेशीत पोचवण्याचा मार्ग आज नाही. पी-५३ फुफ्फुसाच्या गाठीत टोचण्याचे प्रयत्न १९९६ पासून नोंदलेले आहेत, आणि अडचण तेव्हापासून तीच आहे. स्टिंग पुन्हा बोलते केल्याने माणसांत लाभ होतो का, एसआयकेच्या पुढच्या साखळीत औषधाने पकडता येईल असा दुवा आहे का, प्रथिन किती उरले हे मोजावे की फक्त उत्परिवर्तन पाहावे, हे सारे अनुत्तरित आहे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण उत्परिवर्तन न सापडताही काही गाठींत हे प्रथिन नसते, आणि अशा रुग्णांची गणना आज चुकीच्या गटात होते.

आजचा निर्वाळा एवढाच देता येतो: के-रासच्या गाठीत एलकेबी-१ गप्प होणे घातक आहे, हे पक्के; पण त्यावरून इम्युनोथेरपी नाकारावी, हे सिद्ध झालेले नाही. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अहवालात एसटीके-११ चे नाव दिसले, तर त्याच पानावर के-रास, ईजीएफआर, केईएपी-१ आणि पी-५३ समोर काय लिहिले आहे हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, आणि त्या एका नावावरून उपचार सोडू नका.